आतून ढिम्म

मी एक दरवाजा आहे. घराचा नाही, गाडीचा. त्यातही मागचा, डाव्या बाजूचा. म्हणजे मान कमी आणि धूळ जास्त. कारखान्यातून निघालो तेव्हा मात्र माझा तोरा बघण्यासारखा होता. मला लावलं की ‘धप्’ असा भारदस्त आवाज यायचा. तो रबराचा गुण होता, पण मी तो माझा समजायचो.

माझ्या बाजूची जागा मालकांच्या आत्याची. आयुष्यभर शिवणकाम केलेली, आता काठी टेकत चालणारी, पण जिभेची धार शाबूत. दर आठवड्याला मालक तिला तिच्या मैत्रिणीकडे सोडायचे. मैत्रिणीला हल्ली दिसत नव्हतं. आत्या तिला पेपर वाचून दाखवायची. आधी निधनवार्ता, मग उरलेलं जग.

एकदा आत्याने माझं आतलं हँडल ओढलं आणि ते नुसतंच हातात लुळं पडलं. बाहेरून मी ठणठणीत, आतून ढिम्म. शेजारी म्हणाले, मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून असतं ते चाइल्ड लॉक पडलं असेल. ते पडलं नव्हतं.

“रविवारी बघतो,” मालक म्हणाले. रविवार येत गेले.

मला लाज वाटायला हवी होती. उलट मी फुगलो. मालक लगबगीने येऊन बाहेरून मला उघडायचे, तेव्हा वाटायचं, असा थाट फक्त मंत्र्यांच्या गाडीला.

“मी काय पार्सल आहे, कुणीतरी उतरवून घ्यायला?” आत्या म्हणाली. मालक हसले. मीही.

मग तो दिवस आला. मैत्रिणीच्या इमारतीखाली गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. बोलत बोलत ते उतरले आणि बोलत बोलतच निघून गेले. आत्या मागे तशीच. काच बटणावरची, इंजिन बंद असताना ती खाली होईना. पलीकडच्या दारापर्यंत सीटवर खोकी रचलेली, आणि पुढच्या सीटवर चढून जायचं तिचं वय नव्हतं. तिने काठीने काच वाजवली. समोरून जाणाऱ्या एका बाईंना वाटलं, ओळख दाखवतेय; त्यांनीही हसून हात हलवला.

उन्हाने मी तापत होतो. आत्याने पदराने मान पुसली, मग काठी मांडीवर ठेवली. एवढा जाडजूड पत्रा मी, आणि एका म्हातारीला बाहेर सोडता येत नव्हतं.

नंतर कळलं, मालक दुकानातून औषधं घेऊन थेट वर गेले आणि मैत्रिणीला म्हणाले, “आत्याचं झालं का वाचून?”

“आली कुठे ती?” मैत्रीण म्हणाली.

ते जिने उतरून धावत आले. आत्या काठी टेकत उतरली. पुढच्या आठवड्यापासून तिचे गुडघे दुखू लागले. मग त्याच्या पुढच्याही.

“डॉक्टरांकडे जाऊ या,” मालक म्हणाले.

“गुडघ्यांना काही झालेलं नाही रे. मला त्या गाडीत वाट बघत बसायचं नाही.”

मालक खाली मान घालून पार्किंगमध्ये आले. स्क्रू काढले, आतलं आवरण उचकटलं. मला वाटलं होतं, माझ्या पोटात काहीतरी गहन असेल. निघालं काय? चिखल, एक कंगवा आणि हँडलपासून सुटून लोंबणारी एक सळई. तिला धरून ठेवणारी नखाएवढी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. एवढ्यावर माझा सगळा दिमाख.

मालकांनी नवी क्लिप आणली, पण त्यांचा हात आत जाईना. तेव्हा जिन्यातून बघणारी आत्या खुर्ची घेऊन आली. “सरक,” म्हणाली, आणि तिची बारीक बोटं आत शिरली. टक् आवाज झाला.

त्या आठवड्यात मैत्रिणीच्या इमारतीखाली मालक सवयीने मला उघडायला धावत आले आणि आत्याने आतून ढकललेला मी त्यांच्या गुडघ्यावर आदळलो.

“लागलं?”

“नाही गं.”

“मग बाजूला हो.”

आता मी खडखडतो. माझा रंग उडालाय, काच वर जाताना कुरकुरते. एकच विनंती आहे. म्हातारं माणूस उतरताना आधी काठी काढतं, मग एक पाय, मग थोडं थांबतं. तोवर मी सताड उघडा असतो आणि पुढे लाल दिवा लागून गाडी पीं पीं करत राहते. करू दे. तुम्ही मला लावायची घाई करू नका.