हेमाकाकूंचं गाणं, नव्या आवाजात

मुळशीतल्या माले गावात कुठल्याही वरातीत एक इंग्रजी गाणं वाजायचंच. रेकॉर्डवर त्याचं नाव ‘वेट फॉर द बस’ असं छापलेलं होतं, पण गावात त्याला ‘हेमाकाकूंचं गाणं’ म्हणत. गाणारे विठ्ठलराव गावातलेच, आणि त्यांनी ते आपल्या बायकोवर, म्हणजे हेमलताबाईंवर गायलंय, हे सगळ्यांना पाठ होतं.

तरुणपणी विठ्ठलराव पुण्याच्या कँपात एका हॉटेलात टेबलं पुसायचे. हॉटेलाच्या मागच्या खोलीत ‘कँप कोब्राज’ नावाची चार पोरं गिटार आणि ड्रम बडवायची. ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांच्या गायकाला कावीळ झाली. तेव्हा ड्रमवाला फ्रेडी म्हणाला, “हा ऑम्लेट आणणारा पोरगा आपली सगळी गाणी म्हणतो. ह्यालाच नेऊ.” विठ्ठलला इंग्रजी येत नव्हतं, पण ऐकलेला आवाज तसाच्या तसा काढता यायचा. मुंबईला जाऊन रॉक अँड रोलची एक रेकॉर्ड निघाली. ती कुणी विकत घेतली नाही. फ्रेडी ऑस्ट्रेलियाला गेला, बाकीचे कॅनडाला आणि विठ्ठल माल्याला. पुढं उरवड्याच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी नोकरी केली. निरोपसमारंभात मॅनेजरनं त्यांना ‘आमचे रॉकस्टार’ म्हणून शाल दिली.

गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘ओ’ अशी लांबलचक हाक होती. मग फ्रेडीचा ड्रम ‘धाड’ करून पडायचा आणि त्या धडाक्यातून ‘मा’ एवढं ऐकू यायचं. ओ, धाड, मा. वर पाऊस पडल्यासारखी खरखर. पण माणसाला आपलं नाव कुठंही ऐकू येतं. लग्नाच्या दर वाढदिवसाला हेमलताबाई पैठणी नेसून खुर्चीत बसत, विठ्ठलराव रेकॉर्ड लावत, आणि ‘मा’ आला की बाई पदर तोंडाला लावून लाजत. नातवंडं झाली तरी लाजत.

पलीकडे मुठ्याला पियूष नावाच्या तरुणाचं फार्महाऊस होतं. हिंजवडीची नोकरी सोडून त्यानं जुन्या रेकॉर्डी नव्यानं काढायची कंपनी सुरू केली होती, ‘गावठी ग्रूव्ह’ नावाची. मुंबईच्या जुन्या बाजारात त्याला कँप कोब्राजची मूळ टेप सापडली. गायक जिवंत आहे आणि डोंगराच्या ह्या अंगाला राहतो, हे कळल्यावर तो इतका गहिवरला की येऊन त्यानं विठ्ठलरावांचे पायच धरले. खरं तर कित्येक वर्षं तो त्यांच्याकडूनच झाडांना शेणखत घेत होता. तेव्हा मात्र “काका, ट्रॉली गेटच्या बाहेर लावा,” एवढंच म्हणायचा.

“काका, तुम्ही भारतीय रॉक अँड रोलचे आद्यपुरुष आहात,” पियूष म्हणाला.

“बसा. चा घ्या,” विठ्ठलराव म्हणाले.

टेप साफ करायचं काम सोनिया नावाच्या मुलीकडे होतं. ती पुण्यात राहायची आणि फार हळू बोलायची. कॉम्प्युटरवर तिनं गाण्याचा एकेक थर वेगळा केला. गिटार वेगळी, ड्रम वेगळा, गळा वेगळा. खरखर काढून फेकली. “काका, ड्रम फार पुढे होता. मी तो मागे सारला,” तिनं सांगितलं. “आता तुमचा शब्द न् शब्द कळतो.”

“शब्द?” विठ्ठलराव म्हणाले. “शब्दांचं काय येवढं? चाल बघा तुमी.”

तेव्हाच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

रेकॉर्डचं प्रकाशन पियूषच्या फार्महाऊसवर झालं. पुण्याहून दाढीवाले बरेच आले. त्यांना घोंगड्यांवर बसवलं, चपला काढून घेतल्या, मोबाइल टोपलीत ठेवायला लावले. पत्रावळीवर पिठलं-भाकरी होती आणि शेजारी पाटीवर लिहिलं होतं, ‘हाताने खावे’. माल्याहून हेमलताबाई पैठणी नेसून आल्या होत्या. सोबत त्यांची नणंद फुलाबाई आणि आळीतल्या बायका. त्यांना मात्र खुर्च्या दिल्या, पहिल्या रांगेत.

पियूषनं माइक घेतला. “आता आपण डोळे मिटून ऐकायचंय. मधे कुणी बोलायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोका.”

रेकॉर्ड फिरू लागली. आवाज असा आला की जणू विशीतला विठ्ठल समोर उभा राहून गातोय. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. ‘वेट फॉर द बस’ लागलं तशी हेमलताबाईंनी सवयीनं पदर तोंडापाशी नेला. कडवं संपलं. ‘ओ’ आली. फ्रेडीचा ड्रम लांब कुठंतरी, शेजारच्या गावात वाजावा तसा वाजला. आणि लख्ख, स्वच्छ, पाण्यासारखा शब्द आला.

“ओ, फिलोमा!”

हेमलताबाईंचा पदर तसाच हातात राहिला. दुसऱ्या कडव्यालाही फिलोमाच. तिसऱ्याला तर दोनदा. सोनियाचं काम खरोखर चोख होतं.

फुलाबाईंना डोळे मिटून गप्प बसायचा नियम मान्य नव्हता. त्या म्हणाल्या, “वैनी, ही फिलोमा कोन म्हनायची?”

घोंगडीवरचे सगळे दाढीवाले डोळे उघडून बघू लागले. गाणं संपलं. पियूषला वाटलं, हा तर सोन्यासारखा क्षण आहे. त्यानं माइक विठ्ठलरावांच्या तोंडापुढे धरला. “काका, कव्हरवर तर आम्ही ‘हेमासाठी’ असं छापलंय. मग ही फिलोमा कोण?”

विठ्ठलरावांनी आधी पळायला चपला शोधल्या, पण त्या तर दारातच काढून घेतलेल्या. मग घसा खाकरून ते पुणेरी बोलू लागले. “त्याचं असं आहे, की हेमा म्हणजे सोनं. आणि ग्रीक भाषेत सोन्याला फिलोमा म्हणतात. त्या काळी इंग्रजी गाण्यात मराठी नाव बसत नव्हतं. म्हणून मी ते ग्रीकमध्ये घातलं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या घोंगडीवर बसलेल्या एका समीक्षकानं डोळे पुसले. “मुळशीतून थेट ग्रीस!” तो शेजाऱ्याला म्हणाला. त्याच्या लेखाचं नाव तिथल्या तिथं ठरलं. ग्रीकमध्ये सोन्याला खरंच काय म्हणतात, हे बघायला कुणाजवळ मोबाइल नव्हता.

परतताना जीपमध्ये बायका एकदम भाजीच्या भावावर बोलू लागल्या.

सकाळी विठ्ठलराव ओट्यावर चहा घेत बसले असताना हेमलताबाई पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“ग्रीक ऱ्हाऊ द्या. फिलोमा कोन?”

विठ्ठलरावांनी बशी खाली ठेवली. “फ्रेडीची. बेकरीत काम करायची. गानं त्यानंच लिवलेलं, तिच्यासाठी. म्या नुसतं म्हनलं.”

“तुमचं काय व्हतं तिच्याशी?”

“माझं काय असनार? मी कदी बोललो पन न्हाई. मला विंग्रजी कुटं येत व्हतं?”

“मग मला का फशिवलं?”

“म्या न्हाई फशिवलं,” विठ्ठलराव म्हणाले. “लगीन झाल्यावर तू चार दिस रडत व्हतीस. भाकरीला हात लावीनास. म्हनून म्या रेकॉर्ड लावली, तुझं मन रमावं म्हनून. तर तू डोळं पुसून इचारलंस, ‘ह्यात माजं नाव हाय का?’ म्या व्हय म्हनलं. तू जेवलीस. मंग न्हाई कदी म्हनायचं?”

हेमलताबाईंना ते आठवलं. खरंच त्यांनीच विचारलं होतं. पण ते आठवल्यामुळं राग कमी होईना, उलट वाढलाच. नवऱ्यावर राग काढता आला असता तर बरं, तो आता निम्मा स्वतःवर काढावा लागत होता. त्या दिवसापासून त्यांनी विठ्ठलरावांशी बोलणं टाकलं. ताट वेळेवर यायचं, पण निरोप फुलाबाईंमार्फत. “फुलाबाई, तुमच्या भावाला म्हनावं, दळान आना.” विठ्ठलराव तिथंच, दोन हातांवर बसलेले असत.

इकडे रेकॉर्ड खपू लागली. ग्रीसचा लेख छापून आला. पुण्याची पोरं-पोरी माल्याला येऊन घराचे फोटो काढू लागली. हेमलताबाईंना ‘फिलोमा आजी’ म्हणून हाका मारू लागली. एका पोरीनं तर फिलोमा हे नाव दंडावर गोंदवून आणलं होतं. त्याच जोरावर पियूष मुलाखत घ्यायला आला. सोबत सोनिया, कॅमेरा, दिवे. हेमलताबाईंनी सोनियाला बाजूला घेतलं.

“पोरी, ती खरखर परत घालता येती का?”

सोनियाचा चेहरा पडला. “आजी, ती काढायला मला किती महिने लागले!”

पियूषनं मात्र ते ऐकलं. “काकू, काय कल्पना आहे! खरखरवाली आवृत्ती. दिवाळीला काढू. तिची किंमत जास्त ठेवू.”

मग मुलाखत सुरू झाली. विठ्ठलराव आतल्या खोलीत जीव मुठीत धरून बसले होते. पियूषनं विचारलं, “काकू, हे अजरामर गाणं तुमच्यावर आहे. काय वाटतं?”

हेमलताबाईंनी ठरवलंच होतं. कॅमेऱ्याकडे बघून त्या स्पष्ट म्हणाल्या, “ते गानं माझ्यावर न्हाई, फिलोमावर हाय. ती दुसरीच बाई. फ्रेडीची. आमच्या ह्यांनी ग्रीकचं खोटं सांगितलं.”

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. आता गावात काय व्हायचं ते होवो.

काहीच झालं नाही. आठवड्यानं मुलाखत सगळ्यांच्या मोबाइलवर आली. मागं बासरी होती, समोर माल्याची भातखाचरं होती, आणि हेमलताबाई अगदी सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होत्या, “ते गानं माझ्यावर हाय.” एवढंच. मग पुन्हा बासरी.

त्यांनी पियूषला फोन लावला. “मी न्हाई म्हनले व्हते. ते कुटं गेलं?”

“काकू, मधे थोडा नॉइज होता,” पियूष मायेनं म्हणाला. “सोनियानं काढला. आता किती छान वाटतंय बघा.”

हेमलताबाईंनी फोन ठेवला. त्यांना रडावं की हसावं कळेना. शेजारी फुलाबाई मुलाखत पुन्हा बघत होत्या. “वैनी, लई शोभून दिसतीयास,” त्या म्हणाल्या. “आनि मी इनाकारन फिलोमा-फिलोमा करीत बसले.”

पावसाळा सरत आला तेव्हा पियूष धापा टाकत आला. मेलबर्नहून एका मुलाचा फोन आला होता. त्याच्या आजीचं नाव फिलोमा. माहेर पुण्याचा कँप. नातवाच्या मोबाइलवर स्वतःचं नाव ऐकून ती उठून बसली होती, आणि तिला ‘त्या हेमा’शी बोलायचं होतं.

“आपण हे थेट दाखवू,” पियूष म्हणाला. “दोघी समोरासमोर! मी कॅमेरा लावतो.”

“तुमी भाईर थांबा,” हेमलताबाई म्हणाल्या. “कॅमेरा पन भाईर. फोन हितं द्या.”

पियूष अंगणात गेला. विठ्ठलराव दाराआड उभे राहिले. फोनमध्ये पांढरे केस कापलेली, चष्मा लावलेली एक बाई दिसली. दोघींनी एकमेकींना जरा वेळ नीट न्याहाळलं.

“हेमा, तू कशी आहे?” फिलोमा म्हणाली. “माझा मराठी खराब झाला. साठ वर्सं झाला.”

“बरं हाय की तुमचं. समजतंय मला. जेवन झालं?”

“झाला. सूप दिला. इथे सारखा सूप.”

“सून देती व्हय?”

मग सुनांचा विषय निघाला आणि बराच वेळ चालला. गुडघ्यांचा निघाला. फ्रेडीशी फिलोमानं लग्न केलंच नव्हतं. “फार दारू प्यायचा,” ती म्हणाली. “आणि ते गाणं! मला कधी नाही आवडला. नातवाने लावला, मी म्हटला, बंद कर. कोण तो ओरडतो? तो ऑम्लेटवाला पोरगा ना? बिचारा, काही समजत नव्हता त्याला, नुसता आरडाओरडा.”

दाराआड विठ्ठलरावांनी मान खाली घातली.

हेमलताबाई खुर्चीत ताठ झाल्या. “आरडाओरडा कसला?” त्या म्हणाल्या. “नीट ऐका की जरा. असला गळा पुऱ्या मुळशीत न्हाई. मी रोज ऐकलाय, मला इचारा. समजत नसताना येवढं गोड म्हनलं त्यांनी. समजत असतं तर काय झालं असतं?”

फिलोमा हसायला लागली. हसता हसता तिला खोकला लागला. “बरं, बरं. मग तो तुझा, आणि गाणं पण तुझा. मला नको बाबा,” ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा फोन करते म्हणाली, कारण मोठ्या सुनेचं सांगायचं राहिलं होतं.

फोन बंद झाला. पियूष धावत आत आला. “काकू, काय बोलल्या त्या? गाण्याबद्दल? त्या काळाबद्दल?”

“सुनंबद्दल बोलल्या,” हेमलताबाई म्हणाल्या आणि फोन त्याच्या हातात दिला.

मग त्या दाराकडे वळल्या. फुलाबाई तिथंच होत्या, पण त्यांच्याकडे न बघता त्या थेट नवऱ्याला म्हणाल्या, “हितं का हुबं ऱ्हायलाय चोरावानी? उद्या पौडाला जाऊन दात नीट करून घ्या. बोलताना नुसती शिट्टी वाजतीया.”

“जातो की,” विठ्ठलराव म्हणाले, आणि गोठ्याकडे जाता जाता चांगल्या मोठ्या आवाजात गाऊ लागले.