पंखवाले आधी

राखी दिवाळीला घरी आली ती एसटीतून दोन बेडूक आणि एक टपभर झुरळं घेऊन.

राखी माझी नात. यवतमाळला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिथे खोली करून राहत होती. तिच्या पुढच्या वर्गातली एक मुलगी शहर सोडून गेली, जाताना आपले बेडूक हिच्या गळ्यात घालून गेली. आपल्या नाल्यातले बेडूक नव्हेत हे. परदेशी जातीचे, पेटीतच जन्मलेले. तळहाताएवढे, हिरवे, आणि अर्धं अंग नुसतं तोंड. त्यांना बाहेर सोडायचं नसतं. दोघांना एका पेटीत ठेवायचंही नसतं, नाहीतर एक दुसऱ्याला गिळतो. एकाचं नाव शेठ, दुसरीचं शेठाणी.

"घरमालकीणबाईले बेडकाचं काई नव्हतं," राखी सांगत होती. "टपाचं झाकण उघडून पाह्यलं अन् पलंगावर चढली. म्हणे, या खोलीत एक तर तू राहशील नाई तर मी."

"शहाणी बाई दिसते," माझी बायको नंदाबाई म्हणाली. तिनं एव्हाना पायातली चप्पल हातात घेतली होती.

राखीनं तिला शांतपणे खाली बसवलं आणि टप उघडून दाखवला. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. त्यांच्या फटींत ही झुरळं, बेडकांचं खाणं. डुबिया म्हणतात त्यांना. घरातल्या झुरळांसारखी पळत नाहीत, गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, वास मारत नाहीत. मादी चपटी, रुंद, चिंचोक्यापेक्षा मोठी, बिनपंखांची. नराला पंख असतात, पण ते नावालाच. वरून पडला तर फडफडतो, एवढंच.

"अन् दादा, हे अंडे घालत नाई," राखी मला म्हणाली. "पोटातच ठेवतात. दोन महिन्यांनी जित्ते पिल्लं होतात."

"म्हंजे गाभण राह्यते?"

"हो. तसंच समजा."

मी त्या टपाकडे पुन्हा एकदा, नीट पाहिलं.

टप चार दिवस कुणाच्या डोळ्यांवर आला नसता. पण कळप थोडा कमजोर आहे म्हणून राखीनं फोनवरून आणखी पन्नास झुरळं मागवली आणि पत्ता बापाच्या नावाचा दिला. माझा मुलगा भरत त्या दिवशी सोयाबीन घेऊन महागावच्या बाजारात गेला होता. पार्सलवाला पत्ता काढत तिथेच येऊन ओरडला, "भरत पूनमसिंग कोण? जिवंत कीटक आहेत!" भोवती सगळे ओळखीचे शेतकरी. त्यात आमच्या तांड्याचा देवीलाल. तो कसला गप्प बसतो.

"काहून भरतभाऊ, घरचे कमी पडले का?"

भरत घरी आला तो डबा हातात लांब धरून. जेवला नाही. मग राखीला समोर बसवून त्यानं सांगितलं, "हे शेवटचं पार्सल. आता टपात हायेत त्याइच्यावरच भागवा. खाऊ घाला, वाढवा, काय करायचं ते करा. होळीले मी झाकण उघडून पाहीन. पिल्लं दिसले तर बेडूक राह्यतील. नाई दिसले तर नागपूरच्या दुकानात देऊन येईन. पुन्हा बाजारात मले मान खाली घालाले लावायची नाई."

राखीचे डोळे भरले. कॉलेज उघडत होतं आणि नव्या खोलीत झुरळं नेता येणार नव्हती. ती माझ्याकडे पाहू लागली.

"मी राखतो," मी म्हणालो. "होळीले पिल्लं दिसतील. माहा शब्द."

शब्द देताना मला जरासुद्धा शंका नव्हती. माझ्या आज्याच्या लोकांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं. मी स्वतः चाळीस वर्षं तांड्याच्या गायी चारल्या. कोणती गाय कधी माजावर येईल, कोणती कधी विईल, हे मी चालीवरून सांगत असे. कळप राखायचा तर तो शंभर खुरांचा काय आणि सहा सहा पायांचा काय.

जाताना राखी एक कागद भिंतीला चिकटवून गेली. माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत पाच ओळी. टप उबेत ठेवा. गाजर, भोपळा द्या, फवारलेला पाला देऊ नका. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढतात. बेडकांना दर चौथ्या दिवशी दोन दोन झुरळं द्या, कधी गांडूळही चालेल. पाच माद्यांमागे एक नर ठेवा.

शेवटची ओळ वाचून मी मनातल्या मनात हसलो. आमच्या तांड्यात एक वळू होता, आणि साठ गायींना तो एकटा पुरत असे. पोरीनं गाय राखलेली नाही, पुस्तक वाचलं आहे. जास्तीचे नर म्हणजे फुकटची वैरण, हे तिला कोण सांगणार.

पहिल्या दिवशी मी चिमटा घेऊन बसलो तर नंदाबाई पाठीमागे दारात उभी.

"पंखवाले आधी द्या."

"काहून?"

"उडून माह्या कणकीत पडले म्हंजे? बिनपंखाचे राहू द्या बापडे. पंखवाले आधी."

तिचाही हिशेब तोच निघाला. मग काय, मी पंखवालेच वेचू लागलो. चिमट्यात धरून शेठच्या तोंडापुढे हलवायचं. शेठ दगडासारखा बसलेला असे. डोळा हलत नसे. आणि मग एकदम टप्पकन आवाज, आणि झुरळ नाही. पुन्हा दगड. शेठाणी जरा घाईची होती, एकदा तिनं चिमटाच धरला आणि सोडेना.

नंदाबाई दारातून पाहत असे. आत येत नसे, पण पाहायला चुकत नसे.

डिसेंबर लागेपर्यंत सगळे नर संपले. एक ठेवला होता. चांगला रुंद, डाव्या पंखाला चीर गेलेला. त्याचं नाव मी राजा ठेवलं. त्याच्या भोवती माद्याच माद्या. मग मी बेडकांना अर्धवट वाढलेली पोरं देऊ लागलो, माद्यांना हात लावला नाही. ज्या वयाच्या गायी पुढे कळप वाढवणार त्या विकायच्या नसतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

थंडी पडली तसा मी टप कापसाच्या खोलीत नेला. चांगल्या भावाची वाट पाहत कापूस घरात पडून होता, छातीएवढी गंजी. कापसात ऊब चांगली धरते. मी गंजीत खड्डा करून टप मधोमध बसवला. पाण्याच्या वाट्या तेवढ्या टेबलाखालीच राहिल्या. पण या गंजीत मुंगी मला कधी दिसली नव्हती.

"बा, कापसात झुरळ निघालं तर व्यापारी काय म्हणंल?" भरत म्हणाला.

"झाकण पक्कं हाय."

"देवीलाल काय म्हणंल?"

मी झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

दर रविवारी राखीचा फोन येई. "दादा, पिल्लं किती?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "थंडी हाय, होतील." दुसऱ्यांदाही तेच म्हणालो. तिसऱ्या रविवारी तिचा आवाज इतका काळजीचा होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "झाले ना. लय झाले."

ती इतकी आनंदली की मला मग खरं सांगता येईना.

नंदाबाई शेंगा फोडत बसली होती. ती वर न पाहता म्हणाली, "मले तर एकबी बारकं दिसून नाई राह्यलं."

"तू कधी पाह्यलं?"

"रोज पाह्यतो. तुम्ही वावरात गेले की."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रे उचलला तर राजा तळाशी उताणा पडला होता. पाय आखडलेले, चीर गेलेला पंख पसरलेला. मी त्याला बोटानं हलवून पाहिलं. मग टप तिथेच ठेवून भिंतीपाशी गेलो आणि राखीचा कागद पुन्हा वाचला. पाचवी ओळ होती तशीच होती. पाच माद्यांमागे एक नर ठेवा.

गाय माजावर येते तेव्हा हंबरते, दावं तोडते, वळूला दुरून कळतं. या मुक्या जिवांचं काय असतं, मी कधी विचारलंच नाही. चाळीस वर्षांची विद्या मी एका प्लास्टिकच्या टपात ओतली होती, आणि ती त्या टपाची नव्हती.

सगळं वेचून मोजलं. एकतीस माद्या. अर्धवट वाढलेली पोरं एकोणीस. नर एकही नाही. होळीला पन्नासएक दिवस.

नंदाबाई खोलीच्या आत आली. मी तिथे असताना पहिल्यांदाच. माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि टपात पाहत राहिली.

"पंखवाले आधी द्या, मीच म्हणलं," ती म्हणाली.

"तू भ्याली म्हणून म्हणलं. मले सगळं समजते म्हणून मी देल्ले."

"मंग आता पोरीले सांगा."

मी रविवारची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी फोन केला. आधी खोटं बोललो ते सांगितलं, मग बाकीचं.

राखीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, एकच ठेवलता?"

"एकच."

"कागदावर लिहून देल्लं होतं ना मी."

"देल्लं होतं."

"मंग आता बाबा..."

"तुह्या बापाले होळीले मीच सांगीन. तू आता काय करू ते सांग. जसं सांगशील तसं करीन. एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाई."

तिनं नाक ओढलं. मग हळूहळू सांगू लागली. त्या एकोणीस पोरांना हात लावायचा नाही. त्यांत काही नर निघतील, पण लहानपणी चटकन ओळखू येत नाही. शेवटची कात टाकली की पंख फुटतात. ऊब वाढवली तर लवकर; थंडीत माद्या गाभणही राहत नाहीत, नुसता कापूस पुरत नाही. तोवर बेडकांना फक्त गांडुळं.

गांडुळं वावरातली चालणार नव्हती, वर्षभर फवारणी झालेली जमीन ती. गोठ्यामागच्या शेणखताच्या खड्ड्यात मात्र ओल होती. मी खाली वाकलो की कंबर धरते. तिसऱ्या दिवशी पाहतो तर नंदाबाई लुगड्याचा ओचा खोचून खुरपं चालवते आहे, बाजूला डब्यात सहा गांडुळं.

"धुऊन देजा," ती म्हणाली. "शेणासकट नका देऊ. शेठाणीले नाई आवडत."

टप आम्ही कापसातून काढून चुलीच्या भिंतीला लावला, पलीकडच्या बाजूनं. दिवसभर भिंत कोमट राही. म्हणजे झुरळं आणि नंदाबाईचा स्वयंपाक यांच्यात आता एक वीत जाडीची भिंत होती, आणि ही तिनंच सुचवलेली जागा.

फेब्रुवारीत एका सकाळी तिनं हाक मारली. ट्रेच्या टोकावर एक झुरळ नुकतंच कात टाकून बसलं होतं. पांढरंशुभ्र, सोललेल्या बदामासारखं. आम्ही दोघं झाकण धरून पाहत राहिलो. त्याच्या पाठीवर ओल्या कापडासारखं काहीतरी चुरगळलेलं होतं. ते हळूहळू सुटलं, लांब झालं.

"पंख हायेत," नंदाबाई कुजबुजली. "याले पंख हायेत ओ."

उन्हं वर आली तोवर ते तपकिरी झालं आणि पुठ्ठ्याखाली गेलं. होळीपर्यंत असे चार निघाले. माझ्या भाषेत चार वळू. पण पिलू एकही नव्हतं.

होळीला राखी आली. तांड्यात नायकाच्या दारापुढे लेंगी, आमची होळीची गाणी, सुरू झाली होती, डफाचा आवाज घरापर्यंत येत होता. भरत नवा सदरा घालून निघालाच होता. दारात थांबला, वळला, आणि थेट टपापाशी आला. राखी माझ्यामागे उभी राहिली.

त्यानं झाकण उघडलं. एकेक ट्रे उचलून पाहिला. "पिल्लं कुठी हायेत?"

"नाई," मी म्हणालो. "पोरीचा दोष नाई. तिनं लिहून देल्लं होतं. मी नर सारे खाऊ घातले, एक ठेवला, तो मेला. मी चुकलो. तुले होळीचा शब्द देल्ता, तो खाली पडला."

भरत खाली वाकला. पुन्हा टपात पाहिलं. "हे पंखवाले मंग?"

"नवे हायेत. चार."

"माद्या?"

"एकतीस."

"पहिला पंखवाला कधी निघाला?"

"शिवरात्रीच्या आदल्या दिवशी."

भरत बोटांवर मोजू लागला. मी ते मोजणं ओळखलं. त्याला आठव्या वर्षी मीच शिकवलं होतं, गाय भरवली की व्यायचा दिवस कसा काढायचा ते.

"अन् पोटात किती दिवस?" त्यानं राखीला विचारलं.

"दोन महिने. थोडं जास्त."

"मंग होळीले वासरं दिसतील कसे?" तो म्हणाला. "अखजी धरा." अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यानं झाकण लावलं. दाराशी जाऊन पुन्हा थांबला. "बा, पोरगी लिहून देते ते वाचत जा."

"वाचलं होतं."

"मंग?"

"मानलं नाई."

तो हसला आणि लेंगीकडे गेला. राखीनं मागून माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि मग लगेच चिमटा मागितला.

एप्रिल तापला. भिंतीला आता चुलीची गरज राहिली नव्हती. अखजीला चार दिवस होते. मी बैलांना पाणी दाखवत होतो तेव्हा आतून नंदाबाईचा आवाज आला, मोठा, शेजारच्या देवीलालपर्यंत जाईल एवढा.

"ओ, या इकडं! गाई व्याल्या!"

मी आत गेलो. ती झाकण धरून उभी होती, हलत नव्हती. पुठ्ठ्याच्या फटीत तांदळाच्या कण्या सांडाव्यात तशी पांढरी पांढरी पिलं, आणि त्या कण्या चालत होत्या.

"मोजा," ती म्हणाली.

"आता नको," मी म्हणालो. "आधी पोरीले फोन लाव."