फुर्नासची पोपटी

"अझोर्स म्हणजे नक्की कुठे आलं हो?" रंजिताने भजं उचलत विचारलं.

"पोर्तुगालचं ना? मग गोव्यासारखंच असणार," तिचा नवरा सदानंद म्हणाला. "चर्च, फिश करी आणि माड."

"माड कुठले, यार! समुद्राच्या मधोमध नुसते ज्वालामुखी, आणि त्यांच्यावर चरणाऱ्या गाई." सूर्यकांतने टीव्हीवरचा फोटो पुढे सरकवला. "ही दोन तळी बघ. एक हिरवं, एक निळं. टोटली नॅचरल!"

स्वयंपाकघरात विभावरी दुसरा घाणा तळत नवऱ्याचं बोलणं ऐकत होती. अख्ख्या सहलीत हा माणूस एवढं बोलला नव्हता. त्या तळ्याकाठी त्याने एकच वाक्य काढलं होतं, "पंपाशिवाय लेव्हल बरी राहते." इमारती गार ठेवणाऱ्या चिलर प्लांटवर जन्म काढलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय?

तिला स्वतःलाही त्या बेटांचं फार कौतुक नव्हतं. तिला एक उत्तर हवं होतं. सूर्यकांत साठीला टेकला होता. शारजातल्या कंपनीने निवृत्तीचं सांगितलं होतं आणि महिनाअखेरीला दोघांचेही व्हिसा रद्द होणार होते. गावी पोयनाडला बांधलेल्या घरी जायचं, हे विभावरीच्या मनात पक्कं होतं. तेवढ्यात अबुधाबीच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. चिलरमधला जुना माणूस हवाय, एक वर्षासाठी, बॅचलर अकोमोडेशन. म्हणजे बायकोने गावी जायचं आणि साठीच्या नवऱ्याने तीन पोरांबरोबर एका खोलीत खाट टाकायची.

"अजून एकच वर्ष" हे गल्फमधल्या माणसांचं हरिनाम. लेक आभा केजीत होती तेव्हा विभावरीने ते पहिल्यांदा ऐकलं. मग आभाचं इंजिनिअरिंग झालं, घराचा स्लॅब पडला, आभाचं लग्न झालं आणि जप चालूच राहिला. या वेळी मात्र तिने धरूनच ठेवलं, की एकदाचं काय ते सांगा. त्यावर सूर्यकांत म्हणाला होता, "ट्रिपला जाऊ ना, तिथे निवांत ठरवू." ट्रिप टोरोंटोहून आभाने बुक केली होती. "जस्ट गो, बाबा, रेसिडन्सी आहे तोपर्यंत." इथली नोकरी असली की युरोपचा व्हिसा सुखाने मिळतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

म्हणून दोघं गेली आणि दमली. एका बेटावर चढ चढून विभावरीचे गुडघे धरले. दुसऱ्या बेटाकडे जाताना बोटीत सूर्यकांतला ओकाऱ्या झाल्या. रोज रात्री ती विचारायची, "मग काय ठरलं?" आणि तो कूस बदलून म्हणायचा, "उद्या बोलू गं, अंग मोडून आलंय." एका ठिकाणी राखेत अर्धा गाडला गेलेला दीपस्तंभ पाहिला. ज्वालामुखी फुटल्यावर इथली बरीच माणसं अमेरिकेला गेली, असं गाईडने सांगितलं. सूर्यकांत कितीतरी वेळ तिथून हललाच नाही. "राखेत बसून काय करणार? पोटामागे जावंच लागतं," तो म्हणाला.

शेवटी राहिलं होतं फुर्नास गाव. तिथे जमिनीतूनच वाफा निघतात आणि सगळीकडे गंधकाचा वास. लोक सकाळी मांस आणि भाज्यांनी भरलेली पातेली त्या तापलेल्या मातीत पुरतात आणि जेवायच्या वेळी वर काढतात. एक पातेलं वर आलं, झाकण निघालं आणि सूर्यकांत लहान मुलासारखा ओरडला, "विभा, अगं ही तर आपली पोपटी!"

सारं बोलणं पोयनाडवर गेलं. पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला कसा घालायचा, वालाच्या शेंगा कशा भरायच्या, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला की शेजारचा भिकाजी बोलावल्यावाचून कसा हजर व्हायचा. बोलता बोलता त्याने तिचा हात धरला. शारजात रस्ता ओलांडतानासुद्धा न धरणारा माणूस! "या थंडीत आपल्या अंगणात करू," तो म्हणाला.

विभावरीला तिचं उत्तर मिळालं. परत आल्याबरोबर तिने पोयनाडला दिराला फोन करून घराला रंग द्यायला सांगितलं. पलंग शेजारच्या मल्याळी बाईला देऊन टाकला. सूर्यकांतचे शर्ट इस्त्री करून गावी जाणाऱ्या कार्गोच्या खोक्यात भरले. तो हे सगळं बघत होता आणि चकार शब्द काढत नव्हता. गप्प बसणं म्हणजे होकार, असं ती धरून चालली होती.

"आणि ही बघ, डिट्टो पोपटी!" बाहेर सूर्यकांतचा आवाज चढला. सदानंद हसला, रंजिताने त्या मांस-भाज्यांचा कसला तो रंग म्हणून नाक मुरडलं. मग टीव्ही बंद झाला.

"बसा, बसा. अजून एक सांगायचंय," सूर्यकांत म्हणाला.

विभावरीने गॅस बारीक केला. ही त्याची जुनी खोड होती. घरात भांडण होईल असं काही सांगायचं असलं की हा माणूस चार लोकांना जेवायला नाहीतर चहाला बोलवायचा. बहिणीला पैसे दिले तेव्हा, आभाला शिकायला बाहेर पाठवायचं ठरवलं तेव्हा, दर वेळी पाहुण्यांदेखत. चारचौघांत बायको तोंड उघडत नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं. फोटो बघायला या म्हणून सदानंदला फोन यानेच केला, तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढंही कळू नये, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"मी अबुधाबीचं ॲक्सेप्ट केलं. सोमवारी जॉइन. एकच वर्ष, मग खलास."

"अरे, मबरूक!" सदानंदने हात पुढे केला. "मस्त रे! घरी बसून करायचं काय?"

"आणि वहिनी?" रंजिताने विचारलं.

तेवढ्यात विभावरी भज्यांची ताटली घेऊन बाहेर आली. डोळे कोरडे होते. "गरम आहेत, घ्या," ती म्हणाली. "चहा टाकते." पाहुण्यांनी चहा घाईघाईत संपवला आणि अल कुसैसला घरी पोचेपर्यंत ट्रॅफिक लागेल म्हणत दोघं निघून गेली.

दार लावून सूर्यकांत बेडरूममध्ये आला. गादी आता जमिनीवरच होती. विभावरी तिच्यावर बसून खोक्यातले शर्ट परत बाहेर काढत होती.

"रागावलीस?"

"नाही. दमले." तिने एक शर्ट मांडीवर घेतला. "अहो, फुर्नासला मग ते का म्हणालात?"

"तेव्हा खरंच वाटलं होतं गं." तो भिंतीला टेकून खाली बसला. "हॉटेलात आलो आणि धडकीच भरली. गावी मी काय करणार? दर वर्षी सुट्टीवर जातो. दोन दिवस सगळे विचारतात कधी आलात, तिसऱ्या दिवशी विचारतात कधी जाणार. तिथे मी पाहुणा आहे, विभा. इथे निदान प्लांट बंद पडला की माझ्या नावाने बोंब मारतात."

"आणि मी काय करायचं तिथे? एकटीने?"

याचं उत्तर त्याच्याकडे असतं तर पाहुणे बोलवावे लागले नसते.

तिने एक शर्ट त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाली, "घडी घाला. खोलीवर कोण घालून देणार आहे?" त्याने कशीबशी बाह्या दुमडल्या. कॉलर वाकडी गेली. तिने शर्ट झटकून परत दिला. "आधी बटणं लावा. मग पालथा घाला." तो मान खाली घालून बटणं लावत राहिला. चार-पाच शर्ट बरे जमले. तिने ते त्याच्या बॅगेत रचले.

खोक्याच्या तळाशी त्याचा राखाडी स्वेटर निघाला. बेटांवर रोज घातलेला, धुवायचा राहून गेलेला. अजून त्याला गंधकाचा वास होता. सूर्यकांतने हात पुढे केला.

"तो राहू दे," विभावरी म्हणाली. "अबुधाबीला कसली थंडी?"

पोयनाडलाही स्वेटर लागेल अशी थंडी कधी पडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने तो आपल्या साड्यांच्या खोक्यात ठेवला आणि त्याला चिकटपट्टी लावली.