काटा अर्ध्याने मागे

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे, सायकलच्या चाकात हवा भरणारा. माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला, पण माझे आयुष्य गेले बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ओदिलच्या सायकल दुकानात. माझ्या पायथ्याशी एक गोल तबकडी आहे. चाकात किती हवा भरली ते तिच्यावरचा काटा 'बार' या मापात दाखवतो. ओदिल गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझी बायको चुकेल, मी चुकेन, पण हा काटा चुकणार नाही." तेव्हा माझी छाती फुगून यायची.

एकदा त्याच्या गाडीतून मी दगडी रस्त्यावर पडलो. ओदिलने मला उचलले, पुसले, दोन-तीनदा दाबून पाहिले आणि परत ठेवले. मला मात्र आत काहीतरी सरकल्याचे जाणवले. त्या दिवसापासून माझा काटा अर्ध्या बारने मागे राहू लागला. चाकात पाच बार भरले की मी साडेचार दाखवायचो. हे मला ठाऊक होते, पण सांगणार कसे?

ओदिलची मुलगी माख्टेल्ड सायकलच्या शर्यतींत उतरायची. त्या एप्रिलमध्ये शर्यतीच्या सकाळी पाऊस पडत होता. ओले दगड, त्यात उतार! ओदिलने मागच्या चाकात माझ्या काट्याप्रमाणे साडेचार हवा भरली आणि पुढच्यात थोडी कमी. "एवढीच बरोबर," तो म्हणाला. मी आतल्या आत ओरडत होतो. चाके दगडासारखी टणक झाली होती. उतारावर पुढचे चाक सटकले आणि माख्टेल्ड आपटली. तिच्या खांद्याजवळचे हाड मोडले.

"पावसानं घात केला," लोक म्हणाले. ओदिलही तेच म्हणाला.

हात गळ्यात बांधलेला असतानाच माख्टेल्ड एका दुपारी दुकानात आली. तिने हवा मोजायचे एक नवे यंत्र आणले होते. नवे यंत्र एका चाकाला लावून तिने आकडा पाहिला, मग त्याच चाकाला मला लावले. पुन्हा नवे यंत्र. पुन्हा मी.

"बाबा, इकडे ये. याचा काटा खोटं बोलतोय."

ओदिलने पाहिले आणि तो स्टुलावर बसला. "म्हणजे तुला मीच पाडलं."

"वेडा आहेस का? तुला काय स्वप्न पडलं होतं?"

"हा पंप खाली पडला होता, पोरी. मी बघायला हवं होतं."

त्यानंतर तो कुणाच्याच चाकात हवा भरेना. मला त्याने पोत्यांखाली ढकलले. तिथे मी हिवाळा काढला. त्याने फेकून दिले असते तरी मी काही म्हणालो नसतो.

मार्चमध्ये माख्टेल्डने मला बाहेर ओढले, शहरात नेऊन माझी तबकडी बदलून आणली आणि नव्या यंत्राशी तीनदा ताडून पाहिली. पुन्हा तीच शर्यत आली, पुन्हा पाऊस आला. या वेळी पहिल्या दहांत आली तरच तिचा संघ तिला ठेवणार होता.

"आकडा सांग, बाबा."

"तूच ठरव. मी हात लावणार नाही."

"वीस मिनिटांत शर्यत सुटतेय! वजन अठ्ठावन्न, रस्ता ओला. बोल."

ओदिल रस्त्याकडे बघत राहिला. हवा जास्त झाली तर चाक पुन्हा सटकणार. कमी झाली तर दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटून फुटणार. मग तो गुडघ्यांवर बसला.

"मागे चार," तो पुटपुटला. "पुढे पावणेचार."

"इतकी कमी? फुटली तर?"

"फुटली तर शर्यत जाईल. सटकलीस तर..." त्याने तिच्या खांद्याकडे पाहिले.

"भर," ती म्हणाली.

तो माझा दांडा दाबू लागला. प्रत्येक दाबासरशी मी काटा जपून पुढे नेला. पावणेचार म्हणजे पावणेचार, केसभरही इकडे-तिकडे नाही.

आमची गाडी उताराच्या तळाशी उभी होती. मागचे दार उघडे होते, म्हणून मला दिसत होते. आधी तिघी आल्या. त्यांतली एक घसरून गवतात गेली. मग माख्टेल्ड आली. तिचे पुढचे चाक एका ओल्या दगडावरून सरकले. ओदिलने डोळे मिटून घेतले. चाक सरकले, जरासे दबले, आणि पुढच्या दगडाला चिकटून राहिले. ती निघून गेली. ओदिलला डोळे उघडायला उशीर झाला.

ती सहावी आली. नखशिखांत चिखलाने माखलेली. ओदिल धावला तो थेट तिच्या चाकांकडे, आणि अंगठ्याने दाबून पाहू लागला.

"अरे, आधी मला बघ की!" ती ओरडली. तेव्हा कुठे तो हसला आणि रडलाही.

मित्रांनो, आज माझा रंग उडाला आहे आणि मुठीला चिकटपट्टी गुंडाळली आहे. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. ज्या वस्तूवर तुम्ही डोळे झाकून विश्वास टाकता, ती कधी हातून पडली तर नुसती पुसून ठेवू नका. तिला दुसऱ्या मापाशी ताडून पाहा. आम्हाला दुखते, आम्ही बिघडतो, आणि तरीही आमच्याकडे बघणाऱ्याला आम्ही काहीतरी आकडा दाखवतच राहतो.