खिशात राहिलेली कवळी

जो दुसऱ्याच्या वाणीला आधार देतो, त्याचे स्मरण ती वाणी अडखळल्याखेरीज कुणालाही होत नाही. ही तक्रार नव्हे, असे मी म्हणणार होते; पण मित्रांनो, ही तक्रारच आहे.

मी एक जुनी कवळी आहे. एका दंतवैद्याने आजोबांच्या हिरड्यांचा ठसा घेऊन मला घडवले. आजोबा निवृत्त शिक्षक. माझ्यामुळे त्यांचे उच्चार पुन्हा शुद्ध झाले, आणि लोक म्हणू लागले, "सरांची वाणी काय खणखणीत!" वाणी सरांची, चावणे, दळणे तेवढे माझे.

पुढे वयोमानाने हिरड्या आक्रसल्या आणि मी सैल झाले. त्याच सुमारास नातीचे लग्न ठरले. मेजवानीत आजोबांनी पेला उंचावून शुभेच्छांचे चार शब्द बोलावेत, अशी सर्वांची इच्छा होती. त्यांनी चाराचे चारशे केले. "सौख्यसमृद्धिसंपन्न सहजीवन", "स्नेहार्द्र हृदयस्पंदन"! असे एकेक जोडाक्षर आले की मी जागची उचलली जाई. खटखट वाजून मी किती इशारे दिले!

"बाबा, आधी कवळी नीट बसवून घ्या, मग भाषण बसवा," सूनबाई म्हणाल्या.

"कवळीला काय धाड भरलीय? मला पुरून उरेल ती."

"मग निदान सोपं तरी बोला, आजोबा," नात म्हणाली. "इतकं जड ऐकून माझा नवरा पळून जाईल."

"पळू दे. व्याकरण कच्चं असेल, तर बरंच झालं!"

सारे हसण्यावारी गेले. पण आरशासमोर सराव करताना ते मध्येच थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. आईवडील नोकरीला जात, म्हणून त्या मुलीला लहानपणापासून त्यांनीच सांभाळले होते. ती आता फार दूर निघाली होती, आणि तिला जे सांगायचे, ते या भाषणात कुठेच येत नव्हते. रोज नवे विशेषण येई. ते मात्र येत नसे. माझा जीव कासावीस होई. पण कवळी दुसऱ्याला बोलते करते. तिला स्वतःला बोलता येत नाही.

समारंभात आजोबा उभे राहिले. "सौख्यसमृद्धि..." आणि मी निसटले. ध्वनिक्षेपकातून "खट्" असा आवाज सभागृहभर घुमला. मागे कुणीतरी खिदळले. त्यांनी जिभेने मला वर रेटले. पुन्हा तोच शब्द, पुन्हा तीच फजिती. अहो, शब्द तरी बदला, असे मी मनातल्या मनात ओरडत होते. शेवटी त्यांनी पाठ फिरवली, मला रुमालात गुंडाळले आणि कोटाच्या खिशात कोंबले. इतक्या वर्षांची सेवा, आणि ऐन वेळी खिसा!

माझ्यावाचून जोडाक्षरे कुठून येणार? आजोबा लहान लहान शब्द बोलू लागले. तेही सभेला कळेनात. तेव्हा नात उठून त्यांच्याजवळ आली. सकाळच्या पहिल्या चहाला, मी अजून वाटीत पहुडलेली असताना, ती दोघे रोज गप्पा मारीत. बोळक्या तोंडाची ती बोली तिच्या कानांना सवयीची होती. एकेक वाक्य ती सभेला सांगू लागली.

"आजोबा म्हणतात, हिला सायकल शिकवताना जास्त वेळा मीच पडलो."

सभा हसली.

"म्हणतात, जावईबापू, हिला राग आला की ही भांडी घासते. मध्ये पडू नका, घासू द्या."

मग आजोबा आणखी काहीतरी बोलले, आणि तिने ध्वनिक्षेपक बाजूला केला.

"हे माझ्यापुरतं आहे," एवढेच म्हणून तिने पेला उंचावला. सर्वांनी उंचावला.

मित्रांनो, खिशातूनही मला ते कळले. ते म्हणाले होते, "तुझी खोली तशीच ठेवतोय. भांडण झालं तर ये. नाही झालं तरी ये."

त्या कोटात मी कितीतरी दिवस कोरडी पडून राहिले आणि वाकडी झाले. अखेर सूनबाई आजोबांना दंतवैद्याकडे घेऊन गेल्या. त्याने मला उलटसुलट पाहिले. "ही आता बसायची नाही. नवीच करू."

म्हणून माझी विनंती आहे: जे तुमच्यासाठी झिजते, त्याची पहिली कुरकुर ऐकत चला. आणि "चालेल अजून" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हाताला धरून वेळीच वैद्याकडे न्या.

माझा राग आहे, आणि तो राहील. तरीही त्या मुलीचा संसार सुखाचा होवो. आजोबांना मनातले सांगण्यास पुष्कळ आयुष्य लाभो. आणि त्यांच्या मुखातील नव्या कवळीचे कल्याण असो.