शीननाल्यावरची आडवी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी, रुंद स्की आहे. जोडीतली डावी. बर्फावरून घसरत जायला पायाला बांधतात ती लांब फळी म्हणजे मी. रोज दाबून सपाट केलेल्या उतारावर हौशी लोक फिरतात ना, त्यांच्या अरुंद स्कींची जात वेगळी. माझा जन्म उंच डोंगरांसाठी झाला, जिथे बर्फ कमरेइतका खोल आणि उतार घराच्या छपरासारखा उभा असतो. पायाखाली मी सहा बोटं रुंद, आणि पुरुषाच्या डोक्याच्याही वर उंच. पोटात चिवट लाकूड, कडांना पोलादी पाती. नवशिक्याने मला पायात घातलं की पहिल्याच वळणाला मी त्याला लोळवते. फुशारकी म्हणून सांगत नाही. याच गोष्टीचा आधार घेऊन एक माणूस माझ्याबद्दल खोटं बोलला, म्हणून सांगते.

आल्प्सच्या पायथ्याशी एका छोट्या कारखान्यात आम्हा दोघींना एकाच दिवशी दाबात घालून घडवलं. हेनिंग नावाचा माणूस आम्हाला गुलमर्गला घेऊन आला. तीन हिवाळ्यांनंतर त्याचा गुडघा निकामी झाला. जाताना त्याने आम्हाला आपल्या वाटाड्याच्या हातात ठेवलं. "इश्फाक, या तुझ्याच पायात शोभतील," एवढंच तो म्हणाला.

इश्फाक टंगमर्गचा. वय सव्वीस. मित्रांनो, तसे पाय मला पुन्हा मिळाले नाहीत. तो उतारावर कधीच घाईने शिरायचा नाही. आधी काठी खुपसून बर्फाचे थर तपासायचा, वाकून ऐकायचा, आणि मगच मला मोकळं सोडायचा. संध्याकाळी तो माझ्या कडा घासायचा, तळाला गरम मेण लावायचा. त्याची धाकटी बहीण रुकय्या शेजारी निखाऱ्यांची कांगडी ऊबेला घेऊन बसायची आणि चिडवायची, "भाईजान, लग्नसुद्धा यांच्याशीच लावून देऊ का?"

"लाव. निदान उलटून तरी बोलणार नाहीत," तो म्हणायचा.

तो दिवस चिल्लई कलानमधला, कडाक्याच्या थंडीचा. दोन दिवस बर्फ पडला होता आणि वर वारा सुटला होता. मोहिउद्दीन हा सगळ्यांत जुना वाटाड्या. तो चार परदेशी पाहुणे घेऊन शीननाला नावाच्या बर्फाळ घळीच्या माथ्यावर उभा होता. मदतीला इश्फाक होता. पाहुण्यांना तोच नाला उतरायचा होता, आणि आत्ताच.

"इश्फाक, तू आधी जा," मोहिउद्दीन म्हणाला. "आडवी रेघ मार. उतार कापत पलीकडे जा. बर्फ सुटायचा असेल तर तुझ्या वजनाने सुटेल, मग रस्ता मोकळा."

"नको चाचा. वाऱ्याने बर्फ लोटलाय. खालून पोकळ आवाज येतोय."

"पाहुणे बघतायत. मला तोंड दाखवायला जागा ठेव."

"चाचा, खरंच नको."

"एवढ्या रुंद फळ्या आहेत ना पायात? तरंगशील. जा."

पाहुण्यांना काश्मिरी येत नव्हतं. मला येत होतं. मोठ्या माणसाचा शब्द मोडायची इश्फाकला सवय नव्हती. तो निघाला. तीस पावलं गेलो असू, आणि आमच्या वरचा अख्खा उतार काच तडकावी तसा तडकला. मी तरंगायचा प्रयत्न केला, मित्रांनो. माझ्यात होती नव्हती तेवढी ताकद लावली. मग मी त्याच्या पायातून निसटले आणि पुढचं मला दिसलं नाही.

उजवी त्याच्याबरोबरच सापडली. मी मे महिन्यापर्यंत बर्फाखाली पडून होते. माझ्या कडांना गंज चढला, आणि मनालाही. शेवटी शेळ्या-मेंढ्या घेऊन वर आलेल्या एका बकरवाल म्हातारीने मला उचलून टंगमर्गला पोचवलं. तिथे उजवीने मला सांगितलं की दफनाच्या दिवशी मोहिउद्दीन घरी येऊन सगळ्यांसमोर ढसाढसा रडला आणि म्हणाला, "मी नको नको म्हणत होतो. पण त्या फिरंगी फळ्यांनी पोराच्या अंगात माज आणला. माझं ऐकलंच नाही."

म्हणजे इश्फाकला मारलं मी! त्या दिवसापासून मी त्या माणसाचं वाईट चिंतत आले. आजही मला त्याची लाज वाटत नाही.

इश्फाकच्या आईने, मोजीने, आम्हाला गोठ्यात फेकून दिलं. येता-जाता ती आम्हाला शिव्या द्यायची. त्याहून वाईट म्हणजे ती त्यालाही बोलायची. "हट्टी होता मेला. मोठ्यांचं ऐकलं असतं तर आज जेवायला बसला असता."

रुकय्याला मात्र हे पटत नव्हतं. आणि एक दिवस त्या चार पाहुण्यांपैकी एकीचं पत्र आलं, सोबत एक फोटो. त्यात शीननाल्याचा पांढरा उतार होता, टोकाला इश्फाक होता आणि त्याच्या मागे एक सरळ, आडवी रेघ. रुकय्या फोटो घेऊन गोठ्यात आली आणि कितीतरी वेळ आमच्यासमोर उभी राहिली.

"माज चढलेला माणूस खाली झेपावतो," ती हळूच म्हणाली. "आडवी रेघ कुणीतरी मारायला लावतं."

तिने आमचा गंज घासला. तिचे बूट लहान होते, म्हणून आमच्या अंगाला नव्याने भोकं पाडून तिने पट्टे बसवून घेतले. मी तिला पहिल्या हिवाळ्यात किती वेळा पाडलं याला गणती नाही. ती उठायची, थुंकायची, पुन्हा चढायची. तिसऱ्या हिवाळ्यात मी तिचं ऐकायला लागले. चौथ्यात ती डोंगरावरच्या बचाव पथकात होती, आणि कोणता उतार लोकांसाठी उघडायचा हे तिला विचारून ठरायला लागलं.

मग हवा तसा दिवस आला. दोन दिवस बर्फ, वर वारा. शीननाल्याच्या माथ्यावर आठ वाटाडे जमले होते. मोहिउद्दीनही होता.

"चाचा, तुम्ही सगळ्यांत अनुभवी," रुकय्या म्हणाली. "नाला उघडायचाय. तुम्ही आधी जा. आडवी रेघ मारा."

तो हसला. "डोकं फिरलंय का पोरी? वाऱ्याने लोटलेला बर्फ आहे. पाय ठेवला की सुटेल."

रुकय्याने आम्हाला पायातून काढलं आणि त्याच्यासमोर बर्फात उभं रोवलं. "या घ्या. रुंद आहेत. तरंगाल." तिला माहीत नव्हतं, पण हे त्याचेच शब्द होते.

त्याने मला ओळखलं. त्याचा चेहरा उतरताना मी अगदी जवळून पाहिला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"अशा उतारावर माणूस पाठवत नसतात!" तो ओरडला.

"मग माझ्या भावाला का पाठवलं?"

"तो आपणहून गेला!"

तिने खिशातून फोटो काढून सगळ्यांत वयस्कर वाटाड्याच्या, हबीबुल्लांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. "मोहिउद्दीन," ते म्हणाले, "ही रेघ हौसेची नाही रे."

मोहिउद्दीन मटकन बर्फात बसला. "पाहुणे घाई करत होते..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. थोड्या वेळाने पथकाने बर्फ पाडायला सुरुंग लावला. अख्ख्या नाल्यातला बर्फ गर्जत खाली गेला.

रुकय्याने त्याला तिथून थेट मोजीसमोर नेलं. आम्हाला तिने दाराशी टेकवलं होतं, म्हणून सगळं ऐकू आलं. त्याने खाली मान घालून सांगितलं. मोजीने एकच गोष्ट विचारली.

"माझा पोरगा नको म्हणाला होता?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा."

मोजी म्हणाली, "चार वर्षं मी त्याला हट्टी म्हणून रडले. कबरीवर जाऊनसुद्धा त्याला बोलले. ते मी आता कसं परत घेऊ, सांग." तो पाया पडायला वाकला तेव्हा तिने पाय मागे घेतले. "ऊठ. जा."

त्यानंतर त्याच्यासोबत कुणी डोंगरावर गेलं नाही. तो माझ्याजवळून जाताना मान वळवतो. मला दया येत नाही, मित्रांनो. येईल असंही वाटत नाही.

आता माझं लाकूड थकलंय. तुमच्या वस्तूंना जपा, घासा, पुसा, हे तर मी सांगेनच. पण कुणी जिवानिशी गेला आणि कुणी त्याचा दोष एखाद्या मुक्या वस्तूवर ढकलून मोकळा झाला, तर ती वस्तू फेकून देऊ नका. आधी एवढंच विचारा, की 'जा' कोण म्हणालं होतं. त्या दिवशी मोहिउद्दीन निघून गेल्यावर मोजी घरातली जुनी लोकर घेऊन बाहेर आली आणि माझ्यावरचा बर्फ पुसता पुसता आपल्या मुलाची माफी मागत राहिली.