खुंटीवर परतणारी म्होरकी

मित्रांनो, मी घोड्याच्या तोंडावर चढवायची चामड्याची एक जुनी म्होरकी आहे. फार दमले आहे, म्हणून सावकाश सांगते.

अमेरिकेत, व्हर्मांटच्या डोंगरात हॉलिस थर्स्टनच्या वडिलांनी मला घडवलं. चामडं नाकाला काचू नये म्हणून हॉलिसच्या बायकोने, ब्यूलाने, आतून मेंढीची लोकर शिवली. थर्स्टनांचा धंदा मॉर्गन जातीच्या घोड्यांचा. ठेंगणी, रुंद छातीची, कामाला वाघ अशी जनावरं. शिंगरू पहिल्यांदा धरायचं ते मला घालून, आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं तेही मलाच घालून. गिऱ्हाईक दात बघे, खूर उचलून बघे, भाव पाडायला नाक मुरडे. सौदा ठरला की हॉलिस मला उतरवून घेई. जनावर द्यावं, पण म्होरकी देऊ नये, नाहीतर तबेल्याची बरकत जाते, असं त्या घरात मानत.

म्हणून सगळी जनावरं गेली आणि मी दर वेळी रिकामी खुंटीवर परतले. लोक म्हणत, काय देखणी म्होरकी आहे! मला त्या कौतुकाचा वीट आला होता. गेलेल्याचा घाम लोकरीत वाळतो न वाळतो, तोच पुढचं शिंगरू येई. कितीदा जीव लावायचा?

शेवटी राहिली म्हातारी घोडी टॅन्सी. हॉलिसचे गुडघे गेले, गवताचे भारे उचलवेनात. मेपलच्या झाडांचा पाक काढायचे दिवस संपून रस्त्यांवर चिखल झाला, तेव्हा त्याने तिला डोंगरापलीकडच्या कॉरा व्हिटकोम्बला विकलं. सवयीप्रमाणे मला उतरवलं. टॅन्सी नाक पुढे करून मला शोधत राहिली. कॉराने तिला नवीकोरी निळी नायलॉनची म्होरकी चढवली.

चिखल वाळायच्या सुमारास कॉरा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी तिथेच खुंटीवर होते.

"मिस्टर थर्स्टन, पहिल्या दिवशी कुरणात निळी म्होरकी काढली, तेव्हापासून टॅन्सी हाती लागत नाही हो. खूर वाढलेत, लंगडतेय. नालबंद आला तसा परत गेला. नवरा म्हणतो, कोंडून गाडीत घालू आणि लिलावात काढू."

लिलावात म्हाताऱ्या घोड्याला खाटकाचा दलालच घेतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हॉलिसने डोनट कॉफीत बुडवला. "बादलीत ओट्स घेऊन जा."

"नेले की. खाते आणि पळते."

"म्होरकी देऊन टाक तिला," ब्यूला म्हणाली.

"बाबा सांगायचे, म्होरकी गेली की बरकत..."

"तबेल्यात आता उंदरांशिवाय आहे कोण? त्यांना हवीय का तुझी बरकत?"

डोनट कॉफीत विरघळून गेला, तरी हॉलिस कपाकडे बघत बसला होता. मग उठला आणि मला खांद्यावर टाकलं.

कॉराच्या कुरणात त्याने हाक मारली नाही. मला उघडी धरून नुसता उभा राहिला. टॅन्सी लांबून बघत होती. मग लंगडत आली आणि लोकरीत नाक खुपसून उभी राहिली. मित्रांनो, मला रडता येत नाही. येत असतं तर रडले असते.

हॉलिसने मला तिच्या तोंडावर चढवलं आणि बक्कल कॉराच्या हातात दिलं. "पोरी, तू लाव," तो म्हणाला. "आता रोज तुलाच लावायचंय. अधूनमधून तेल लाव तिला, चामडं तडकतं."

जाताना कुंपणावरची निळी म्होरकी त्याने उचलली. "ही मी नेतो. खुंटी मोकळी बरी दिसत नाही."

आता माझे टाके उसवत आले आहेत. टॅन्सीला दिसत नाही फारसं, वासावर येते. एवढंच मागणं आहे, मित्रांनो: जनावर दुसऱ्याच्या दारी धाडाल, तेव्हा त्याच्या ओळखीचं काहीतरी बरोबर द्या. मागे राहून मी कुणाला बरकत दिली नाही. मी नुसती गेलेल्या जनावरांची वाट बघत होते.